पढवलेला साक्षीदार

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि संकष्टीचा उपास यांच्या गर्दीत महिन्यातून एकदा एक बारीकशी फुली दिसते. ती कसली, हे जिने मारली तिला ठाऊक असतं. बाकीच्यांनी विचारायचं नसतं. पाळीची नोंद ठेवण्याची ही रीत मराठी घरांत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे आणि तिचं काम मर्यादित होतं. दिवस चुकले का, आणि पुढच्या पूजेच्या किंवा लग्नाच्या तारखेला अडचण येईल का, एवढंच ती फुली सांगायची. स्मार्टफोनवरच्या ॲपनं त्या फुलीच्या आधीचे दिवसही मोजायला घेतले. त्या आठ-दहा दिवसांतली चिडचिड, उगीचच भरून येणारे डोळे, जड झालेली छाती, फुगलेलं पोट, उडालेली झोप, हे सगळं आता हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून नोंदवता येतं. डॉक्टर ज्याला पाळीपूर्व लक्षणं म्हणतात आणि शहरी बोलण्यात ज्याला सर्रास ‘पीएमएस’ म्हटलं जातं, तेच हे. अशा ॲपचा उपयोग आहे, पण जाहिरातीत दाखवतात तो नव्हे. पुढे काय होणार हे सांगण्यात ही ॲप्स कच्ची आहेत. मागे काय झालं याची साक्ष जपून ठेवणं त्यांना चांगलं जमू शकतं. मात्र भविष्य सांगण्याच्या हौसेपायी ती हीच साक्ष बिघडवतात.

मुळात नोंद हवीच कशाला? कारण हा त्रास ना रक्ताच्या तपासणीत दिसतो, ना सोनोग्राफीत. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली ‘पाळीपूर्व ताण’ अशा नावानं त्याचं वर्णन केलं. १९५३ मध्ये ब्रिटनमधल्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. एवढी वर्षं गेली तरी निदानाची मुख्य खूण तीच आहे, ती म्हणजे लक्षणांचं वेळापत्रक. डोकेदुखी, थकवा, उदासी शंभर आजारांत असतात. ती पाळीच्या आधीच्या आठवड्यात चढत गेली, पाळी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत उतरली आणि त्यानंतरच्या आठवड्यात जवळपास नाहीशी झाली, तरच ती पाळीपूर्व म्हणायची. यातला तीव्र प्रकार म्हणजे ‘पीएमडीडी’. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या मुख्य यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून घेतला. अकरा लक्षणांपैकी किमान पाच, त्यांतलं किमान एक मनाच्या स्थितीशी निगडित, आणि किमान दोन पाळीचक्रांची रोजच्या रोज केलेली नोंद, अशा तिथल्या अटी आहेत. ही नोंद हाती येईपर्यंत निदान तात्पुरतं समजावं, असंही त्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे. दवाखान्यात पाच मिनिटांत ‘पाळीच्या आधी फार त्रास होतो का हो?’ असं विचारून आणि ‘हो’ असं उत्तर ऐकून जे ठरतं, ते या कसोटीला उतरत नाही.

बाई खोटं बोलते म्हणून नव्हे. आठवण आपल्या सोयीनं जुळवाजुळव करते म्हणून. महिनाभरात चार वेळा डोकं दुखलं, त्यांतलं एकदा पाळीच्या आदल्या दिवशी; तर ती एक वेळ लक्षात राहते, कारण तिच्यासाठी मनात खुंटी तयार असते. बाकीच्या तीन टांगायला जागाच नसते, त्या गळून पडतात. मानसशास्त्रज्ञ डायेन रुबल यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत आजही वाचण्यासारखा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ४४ तरुणींना त्यांच्या अपेक्षित पाळीच्या सहा-सात दिवस आधी बोलावलं. नव्या तंत्रानं पाळीची तारीख सांगता येते असं भासवून काहींना ‘तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आली आहे’ असं सांगितलं, तर काहींना ‘अजून बराच अवकाश आहे’ असं. प्रत्यक्षात सगळ्या साधारण एकाच टप्प्यावर होत्या. तरीही ज्यांना पाळी जवळ आल्याचं सांगितलं, त्यांनी अंग सुजल्यासारखं वाटणं, दुखणं, खाण्याच्या सवयीत बदल ही लक्षणं जास्त प्रमाणात सांगितली. मनातलं मत म्हणून सोडून देता येतील अशी ही लक्षणं नाहीत; अंगातली आहेत. पढवलेल्या साक्षीदाराला आपण खोटं बोलतोय असं वाटत नसतं, हेच त्यातलं अवघड.

याचा परिणाम आकड्यांवर किती होतो, तेही मोजलं गेलं आहे. पीएमडीडी किती जणींना असतो यावरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आठवणीवर विसंबून केलेल्या तात्पुरत्या निदानात हे प्रमाण जवळजवळ ८ टक्के निघालं. रोजच्या नोंदीवरून पक्कं केलेल्या निदानात सुमारे ३ टक्के. आणि रुग्णालयांतल्या नव्हे तर सर्वसामान्य समाजातल्या स्त्रियांपुरतं पाहिलं तर १.६ टक्के. टक्का लहान दिसला तरी देशाच्या लोकसंख्येत ही संख्या कोट्यवधीत नाही तरी लाखांत सहज जाते, आणि त्यांचा आजार शंभर टक्के खरा असतो.

मग वही काय वाईट, असं कुणी विचारेल. वाईट काहीच नाही. वहीतली खोट फक्त लिहिणाऱ्याच्या स्वभावात असते. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्या रुग्णांना ठरलेल्या वेळी नोंद करायला कागदी डायऱ्या दिल्या होत्या. त्या डायऱ्यांच्या बांधणीत, वही केव्हा उघडली ते टिपणारे प्रकाशसंवेदक लपवले होते. रुग्णांच्या हस्ताक्षरावरून नव्वद टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. संवेदकांनुसार खरा आकडा होता ११ टक्के. बाकीच्यांतल्या बऱ्याच नोंदी मागाहून एकदम बसून भरल्या होत्या, शाळेत सुट्टीतली शुद्धलेखनाची वही जून उजाडल्यावर एका रात्रीत पुरी करावी तशा. काहींनी तर पुढच्या दिवसांचंही आधीच लिहून ठेवलं होतं. ज्यांना वेळेची नोंद आपोआप ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिलं, त्यांच्यात हेच प्रमाण ९४ टक्के होतं. फोनची खरी ताकद इथे आहे. तो रात्री साडेनऊला आठवण करतो, उत्तरावर वेळेचा शिक्का मारतो, आणि मागचा आठवडा आठवून भरण्याची गरज उरत नाही. फक्त त्या ॲपनं मागच्या तारखा मोकळेपणी भरू देता कामा नयेत. बाजारातली बरीच ॲप्स ते आनंदानं भरू देतात.

आता भविष्याकडे येऊ. यातली साधी ॲप्स मागच्या काही पाळ्यांमधलं अंतर घेतात, सरासरी काढतात, पुढची तारीख मांडतात आणि तिच्याआधीचे काही दिवस ‘पीएमएस’च्या रंगात रंगवून टाकतात. हिशेब सोपा आहे, शरीर तेवढं सोपं नाही. एका ॲपच्या सहा लाखांहून अधिक पाळीचक्रांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली, आणि पाठ्यपुस्तकातलं बरोबर २८ दिवसांचं चक्र जेमतेम १३ टक्के वेळा आढळलं. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मोफत मिळणारी १०८ ॲप्स तपासली होती, त्यांतली वीसच त्यांना अचूक वाटली. आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक, पीसीओडीमुळे ज्यांची पाळी कधी पस्तिसाव्या तर कधी पन्नासाव्या दिवशी येते अशा मुली. त्यांच्यासाठी सरासरीला अर्थच उरत नाही. दुसरी, गणपती, सत्यनारायण किंवा घरातलं लग्न आलं की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची पद्धत. त्या गोळ्यांतल्या संप्रेरकानं पाळी लांबते, कित्येकींना त्यानं पोट फुगतं, मन खाली जातं. गोळीची नोंद नसेल तर ॲप हा सगळा प्रकार तिच्या नैसर्गिक चक्रात जमा करतं आणि पुढचे दोन महिने चुकीचं पंचांग मांडून बसतं.

चुकीची तारीख एक वेळ परवडली. सूचना त्याहून घातक. ‘तीन दिवसांत तुमचा पीएमएस सुरू होऊ शकतो’ असा संदेश फोनच्या पडद्यावर येतो, तेव्हा रुबल यांचा प्रयोग खिशात बसून दर महिन्याला पुन्हा होत असतो. त्या दिवशी साहेबांनी झापलं, लोकल चुकली, मुलाचा ताप उतरत नव्हता, तरी रात्री चिडक्या चेहऱ्यावर बोट ठेवताना कारण आधीच हातात आलेलं असतं. साक्षीदाराला न्यायालयाच्या पायऱ्या चढतानाच कुणी कानात उत्तर सांगावं, तसं हे. म्हणून हा आजार आहे की नाही हे ठरवण्यासाठी ॲप वापरायचं असेल, तर पहिली गोष्ट करावी ती ही, की अंदाज आणि सूचना बंद कराव्यात आणि फक्त रात्रीची आठवण तेवढी चालू ठेवावी. ॲपमध्ये तशी सोयच नसेल तर ते ॲप या कामाचं नाही, मग त्याचे रंग कितीही सुरेख असोत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो खुद्द ॲपच्या माहितीतूनच येतो. २०२१ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये १०९ देशांतल्या ३३ लाख स्त्रियांच्या २४ कोटींहून अधिक नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाच्या वेळा, आठवड्याचे वार, ऋतू आणि पाळी या चार चक्रांची तुलना केली, तर मन, वर्तन आणि शरीराच्या बहुतेक बाबींत पाळीचक्राचा चढउतार सर्वांत मोठा दिसला, आणि तो देशोदेशी एकाच दिशेनं. मग पाळीपूर्व मनःस्थिती ही केवळ अपेक्षेची करामत कशी? तशी ती नाहीच. त्या अभ्यासात शरीराचं तापमान, नाडी, वजनही हलताना दिसलं, आणि ते कुणी कानात सांगून हलत नाही. पण मनाच्या नोंदींबाबत दोन गोष्टी विसरता येत नाहीत. नोंद करायची की नाही हे प्रत्येकीच्या मर्जीवर होतं, आणि बरं वाटत असताना ॲप उघडण्याची आठवण फारशी कुणाला होत नाही. शिवाय त्या नोंदी ज्या पडद्यावर झाल्या, त्याच पडद्यावर पाळीचं कॅलेंडरही मांडलेलं होतं. आणि ३३ लाखांच्या सरासरीवरून एकीचं निदान करणं म्हणजे महाराष्ट्राच्या सरासरी पावसावरून माणदेशातल्या विहिरीला किती पाणी आहे ते सांगणं.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी आहे आणि त्यात तथ्य आहे. घरात बाईनं आवाज चढवला की ‘तारीख जवळ आली वाटतं’ असं म्हणून तिच्या रागाची वासलात लावता येते. कार्यालयातही तेच, फक्त जरा पाठीमागे. आता ॲपनंच तिच्या रागाला लक्षण म्हटलं की तिचं स्वतःचंही तेच मत व्हायचं. कामाची विषम वाटणी, अपुरी झोप, नवऱ्याचं पिणं, यांतल्या कशालाही चेहऱ्याचं चित्र नसतं. मात्र या आक्षेपाला उत्तर नोंद सोडून देण्यात मिळत नाही, नीट केलेल्या नोंदीतच मिळतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुष आणि स्त्रिया दोघांकडूनही, कशासाठी ते न सांगता, रोजच्या मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या, तेव्हा पाळीपेक्षा आठवड्याच्या वारांचा परिणाम ठळक दिसला, आणि स्त्रियांच्या मनाचे चढउतार पुरुषांपेक्षा जास्त नव्हते. २०१२ मध्ये अशा रोजच्या नोंदींवर आधारलेले ४७ अभ्यास तपासले गेले. मन फक्त पाळीच्या आधीच बिघडतं हा सर्वांना माहीत असलेला नमुना त्यांतल्या सातच अभ्यासांत सापडला. ज्या बाईचा राग महिनाभर सारखाच आहे, तिच्या हातात तिचा आलेख असणं हे ‘तारीख जवळ आली’ म्हणणाऱ्याला दिलेलं उत्तर आहे.

नेमक्या उलट टोकाचा तिसरा आक्षेप मोठ्या माणसांकडून येतो. आमच्या वेळी हे नव्हतं, चार कामं जास्त केली की सगळं बरं होतं. यांना १९९८ सालचा, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेचा अभ्यास दाखवावा. तीव्र पाळीपूर्व त्रास असलेल्या स्त्रियांच्या अंडाशयांचं काम औषधानं थांबवलं, तेव्हा बऱ्याच जणींचा त्रास गेला. नंतर त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिल्यावर तो पुन्हा उपटला. त्रास नसलेल्या स्त्रियांना हेच सगळं दिलं, त्यांच्या मनावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे संप्रेरकांचं प्रमाण बिघडलेलं नसतं. नेहमीच्या प्रमाणाला काही जणींचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. तो प्रतिसाद कुणाचा आहे, हे ओळखायला आज तरी रोजच्या नोंदीशिवाय दुसरी वाट नाही.

नोंद कशाची करायची, याचा नमुना तयार आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या जीन एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या तक्त्यात वीसेक बाबी आहेत आणि प्रत्येकीला एक ते सहा गुण. एक म्हणजे अजिबात नाही, सहा म्हणजे पराकोटीचं. शेवटच्या तीन बाबी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात: आज कामाचा वेग मंदावला का, आवडीच्या गोष्टी टाळल्या का, माणसांशी संबंध बिघडले का. नुसत्या चेहऱ्यावर हे कळत नाही. गुण देताना शब्द आपले असले तर बरं. ‘मूड स्विंग’ या शब्दाला नेमका आकार नाही, पण जीवाची घालमेल, कशातच मन न लागणं, अंगाचा तिळपापड, अंग मोडून येणं यांतला फरक कुणालाही कळतो. गोळ्या, ताप, जागरण, घरातलं भांडण, हे शेजारी चार अक्षरांत लिहावं. दोन चक्रं झाली की बहुधा तीनपैकी एक चित्र समोर येतं. लक्षणं पाळीआधी चढतात आणि नंतर पूर्ण उतरतात. किंवा महिनाभर असतात आणि पाळीआधी आणखी वाढतात. किंवा त्यांचा पाळीशी काही मेळ लागत नाही. मधल्या चित्रात मूळचं नैराश्य, मायग्रेन किंवा दमा पाळीआधी उसळलेला असतो आणि उपचार त्या मूळ आजाराचे लागतात. पहिल्या चित्रात तीव्रता जास्त असेल तर नैराश्यावरच्या एका गटाच्या गोळ्या फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरत्या देऊनही भागतं, जे एरवीच्या नैराश्यात चालत नाही. एकाच तक्रारीसाठी दोन वेगळे रस्ते, आणि कुठला धरायचा ते तक्ता सांगतो. मात्र जगणं नकोसं झाल्याचा विचार मनात येत असेल तर तक्ता भरून होण्याची वाट पाहू नये. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलावं किंवा थेट डॉक्टर गाठावा.

आणि हा तक्ता कुणाकुणाच्या हाती पडतो? ‘फ्लो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲपनं आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोहोचू दिल्याची तक्रार अमेरिकेच्या व्यापार आयोगानं केली आणि २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीनं मिटलं. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं याच माहितीबाबत फेसबुकच्या मूळ कंपनीला जबाबदार धरलं. आपल्याकडे तयार झालेलं ‘माया’ हे ॲपही प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत फेसबुककडे माहिती पाठवताना आढळलं होतं. माहिती पाठवणारा तो भाग काढल्याचं त्या ॲपच्या कंपनीनं नंतर सांगितलं. भारतात २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. पाळीची तारीख आणि पिझ्झाची ऑर्डर एका पंक्तीला. पण कायद्याच्याही अलीकडे उंबरठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या फक्त ३३ टक्के. बाकीच्यांचा फोन नवऱ्याचा, भावाचा किंवा सगळ्या घराचा. तिथे पडद्यावर उमटणारी सूचना कोण आधी वाचेल हे सांगता येत नाही. अशा घरात रेघा मारलेली वही बरी. रोज रात्री भरायची, झालेला दिवस झाकून ठेवायचा, मागचं भरायचं नाही, चुकलेला रकाना कोराच सोडायचा. फोन आपलाच असेल तरी नाव-पत्ता न मागणारं, माहिती फोनमध्येच ठेवणारं ॲप निवडावं, आणि दोन-तीन महिन्यांनी काम झाल्यावर तक्ता छापून घेऊन खातं रद्द करावं. नुसतं ॲप काढून टाकल्यानं कंपनीकडची माहिती जात नाही.

छापलेला तो कागद घेऊन गेल्यावर जाणता डॉक्टर पाळीआधीचे सहा-सहा गुणांचे रकाने बघतोच, पण तुलनेसाठी त्याला पाळीच्या चौथ्या ते दहाव्या दिवसांमधले रकाने लागतात. त्याच दिवसांत सगळं ठीक असतं, आणि म्हणून बहुतेक जणींच्या तक्त्यात नेमके तेच कोरे राहिलेले असतात.